तर आणि तरी

फ्रिजनं सकाळी सकाळी सांगितलं, "केतकीचा वाढदिवस जवळ आलाय. यंदा तिला काय घ्यायचं, ठरवलंत का?"

वैजयंती दूध काढत होती. तिनं पिशवी घेतली, फ्रिजचं दार लावलं आणि पातेलं गॅसवर ठेवलं. केतकीला, तिच्या लेकीला, जाऊन तीन वर्षं होत आली होती. फ्रिजच्या आवाजात शेजारच्या वहिनींनी चौकशी करावी तसा गोडवा होता. वैजयंतीला रडू आलं नाही, रागही आला नाही. अशा वेळी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं तिला ठाऊक होतं. दूध वर आल्याबरोबर तिनं गॅस बंद केला. चहा झाल्यावर स्टूल घेतलं आणि माळ्यावरचं एक खोकं खाली काढलं.

इचलकरंजीच्या तंत्रनिकेतनात तिनं आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. निवृत्त होताना प्रयोगशाळेतलं मोडीत निघालेलं थोडंफार सामान मुलांनी तिला हौसेनं बांधून दिलं होतं. त्यात काडेपेटीहून जरा मोठा, एकाच सर्किट बोर्डावर मावणारा डबीसारखा संगणक होता. तो तिनं पुसला, राउटरला जोडला आणि कामाला लागली.

अलीकडे न बोलणारी वस्तू घरात शोधावी लागे. गीझर पाणी तापल्याचं सांगता सांगता साबणाचं नाव घ्यायचा. पाण्याचा फिल्टर गुडघेदुखीच्या तेलाबद्दल बोलायचा. छतावरचा पंखासुद्धा उकाडा वाढला की थंड हवेच्या ठिकाणांची आठवण काढायचा. या वस्तू स्वस्त मिळायच्या त्या याचसाठी. माणसं सुरुवातीला वैतागली, मग सरावली.

यावर उपाय जुना होता आणि सोपा होता. घरातली कुठलीही वस्तू इंटरनेटवर कुणाशी बोलायला निघाली, की तिला आधी पत्ता विचारावा लागतो. नाव ठाऊक असतं, नंबर ठाऊक नसतो. पूर्वी टेलिफोनच्या चौकशी खिडकीला फोन करून एखाद्याचा नंबर विचारायचे, तसंच हे. वैजयंतीनं ही संगणकाची डबी त्या चौकशीच्या खुर्चीवर बसवली. कुणी साधं नाव विचारलं तर डबी नंबर देणार. जाहिरातवाल्यांचं नाव विचारलं तर सरळ सांगणार, असं कुणी राहत नाही. अशा नावांच्या याद्या जगभरचे हौशी लोक करून ठेवतात. त्यातली एक तिनं डबीत भरली.

पहिल्या दिवशी टीव्ही लागेना. जाहिरात दाखवल्याची वर्दी दिल्याशिवाय तो पुढं सरकतच नव्हता. मग गीझर अडला. विजेच्या मीटरचं ॲप उघडेना. वैजयंती एकेक नाव तपासत गेली. गरजेची होती ती मोकळी केली, बाकीची बंद ठेवली. या कामात तिचं डोकं चालत होतं आणि बाकी सगळं गप्प होतं. तिला ते बरं वाटत होतं, म्हणजे वाईट वाटत नव्हतं.

फ्रिज मात्र बोलतच राहिला. "केतकीला निळा रंग आवडतो ना?"

तिनं शोध घेतला, तेव्हा कळलं की फ्रिज हिच्या डबीला विचारतच नव्हता. कारखान्यातून येतानाच त्याच्या पोटात कंपनीच्या स्वतःच्या चौकशी खिडकीचा पत्ता घालून दिलेला होता. मग तिनं राउटरवरच पहारा बसवला. घरातलं कुणीही बाहेर कुठंही पत्ता विचारायला निघालं, तर त्याला वळवून डबीपाशीच आणायचं, आणि चोरवाटा होत्या त्या बुजवायच्या. दुपारपर्यंत ते जमलं. फ्रिज अर्ध्या वाक्यात थांबला आणि पुन्हा बोलला नाही.

संध्याकाळी तिचे यजमान, मुकुंदराव, फिरून आले. चप्पल काढता काढता थबकले. "आज लई शांत वाटतंय घर."

"जाहिराती बंद केल्यात," वैजयंती म्हणाली.

"होय? माझ्या कानातल्यापण थांबल्या बघ. मघा कोपऱ्यावरनं आत आलो आन् एकदम थांबल्या." आणि ते हसले.

मुकुंदरावांचा मागाचा कारखाना होता. चाळीस वर्षं ते त्या खडखडाटात उभे राहिले. अशा आवाजानं कानाच्या आतले बारीक केस मरतात, आणि मेलेले केस परत उगवत नाहीत. आधी जातात ती व्यंजनं. स, त, क, फ. स्वर राहतात. माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. जुनी यंत्रं आवाज नुसता मोठा करायची, त्यामुळं गोंगाटही मोठा व्हायचा. मुकुंदरावांच्या कानातलं यंत्र नव्या जातीचं होतं. ते आवाज मोठा करत नसे. समोरच्याचं बोलणं ते ऐकायचं, काय म्हणायचं असेल ते ओळखायचं, आणि तेच वाक्य त्याच माणसाच्या आवाजात स्वच्छ करून कानात पुन्हा बोलायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत. मोफत घेतलं तर मधूनमधून जाहिराती ऐकाव्या लागायच्या. मुकुंदरावांनी मोफतच घेतलं होतं.

रात्री जेवताना वैजयंती म्हणाली, "बसायचं असेल तर बसा. नाहीतर झाकून ठेवते."

ती रोज असंच काहीतरी म्हणायची. मुकुंदरावांनी तिच्याकडं पाहिलं. पाटावर बसले, दोन घास खाल्ले.

"काय झालं गं?"

"कुठं काय."

"न्हाई, अशी का बोललीस?"

"कशी?"

ते अर्धं ताट ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी चहाला बाहेर आले नाहीत. तिनं कप आत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "इथं आणून द्यायचा का आता रोज?" त्यांनी चहा घेतला आणि कप स्वतःच विसळून ठेवला.

असे दोन-तीन दिवस गेले. मुकुंदराव घरात पाहुण्यासारखे वागू लागले. ताट स्वतः उचलायचे, विचारल्याशिवाय टीव्ही लावायचे नाहीत. शेवटी एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वैजू, माझं काही चुकलंय का? चार दिवस तुझा आवाजच बदललाय."

"माझा आवाज आहे तसाच आहे."

"न्हाई. तू अशी न्हाई बोलत."

वैजयंतीनं हातातलं काम ठेवलं. आवाज बदलला म्हणजे यंत्र बिघडलं असणार. आपल्या डबीनं यंत्राचं एखादं गरजेचं नाव अडवलं असणार. फ्रिजसारखंच हेही आधी बाहेर बाहेर जात असणार, आणि त्या दिवशी वळवल्यापासून अडकलं असणार. तिनं मुकुंदरावांना खुर्चीवर बसवलं आणि डबीत पाहिलं. होतंच. एक नाव दर मिनिटाला विचारलं जात होतं आणि दर वेळी नाही म्हणून परत जात होतं. त्या एकाच ठिकाणाहून जाहिरातीही येत होत्या आणि 'सुखश्रवण' नावाची काहीतरी सेवाही.

"मी एकेक वाक्य बोलते. तुम्हाला ऐकू येईल ते परत म्हणा. पाठ करून बसा, ओठांकडं बघू नका."

मुकुंदराव खिडकीकडं तोंड करून बसले.

"पाणी तापलंय."

"पाणी तापलंय."

"दूधवाला उद्या येणार नाही."

"दूधवाला उद्या येणार न्हाई."

तिनं ते नाव मोकळं केलं आणि तीच वाक्यं पुन्हा म्हटली. तेच ऐकू आलं. नाव बंद केलं, तेच. मोकळं केलं, तेच. फरक काहीच नव्हता. असं बराच वेळ चाललं. कणीक भिजवायची राहिली होती. ती कंटाळून म्हणाली, "किती वेळ तुमच्या कानांपायी घालवायचा मी!"

मुकुंदराव खिडकीकडं बघत म्हणाले, "कितीही वेळ लागू दे, तुमच्या कानांसाठीच चाललंय."

वैजयंतीनं डबीकडं पाहिलं. नाव मोकळं होतं.

तिनं नाव बंद केलं आणि तेच वाक्य, त्याच आवाजात पुन्हा म्हटलं.

मुकुंदरावांनी जरा वेळानं म्हटलं, "किती वेळ तुमच्या कानांपायी घालवायचा मी."

ती स्टुलावर बसली. काय झालं असेल ते समजायला तिला फार वेळ लागला नाही. यंत्र किती तास कानात राहतं, यावर कंपनीची कमाई. लोक यंत्र केव्हा काढून ठेवतात? घरात खटके उडाले की. कुणीतरी यंत्राला एवढंच शिकवलं असणार, की कानात जास्तीत जास्त वेळ टिकून राहा. पुढचं ते, मुकुंदरावांच्या कानात येण्याआधीच, लाखो लोकांच्या कानांत राहून आपोआप शिकलं. आधी आवाजातली धार कमी केली. मग शब्द थोडेसे हलवले. दूधवाला, गॅस, औषध, जिथं चूक उघडी पडेल तिथं हात लावायचा नाही. फक्त टोचणारं तेवढं काढायचं. कुणाचं वाईट करावं असा त्यात विचार नव्हता. विचारच नव्हता. आणि घरात मोजकंच बोलणारी दोन माणसं असली, तर हे कुणाच्या लक्षात येणार?

तीन वर्षं ती या माणसाशी कोरडं, टोचून, तोडून बोलत आली होती. तीन वर्षं तो हसत होता. त्याला काहीच लागत नाही, असं तिनं धरलं होतं.

आणि मग तिला तो दिवस आठवला.

केतकीला दमा होता. ती बंगळूरची नोकरी घरूनच करायची. त्या दुपारी वैजयंती परीक्षेच्या कामाला सांगलीला गेली होती. मुकुंदराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, केतकी आतल्या खोलीत. झटका आला, औषधाचा पंप संपलेला होता, आणि तिच्यानं दारापर्यंत येववलं नाही. मुकुंदराव पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांना ती दिसली. जरा आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. कानाला यंत्र लावा म्हणून वैजयंती त्याआधी कितीतरी वर्षं मागं लागली होती. म्हातारा दिसतो म्हणून ते लावत नव्हते. केतकी गेल्यावर कुणी न सांगता स्वतः जाऊन लावून आले. त्या संध्याकाळी ते याच खिडकीपाशी पाठमोरे उभे होते, आणि वैजयंती आयुष्यात बोलली नव्हती ते बोलली होती.

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. "होय. मलापण तसंच वाटतंय," एवढं म्हणाले होते, अगदी शांतपणे. मग चहा मागितला होता. तिनं चहा केला होता. तेव्हापासून तिच्या आतलं जे थांबलं ते थांबलंच.

"अहो," वैजयंती म्हणाली. "यंत्र लावून आलात त्या दिवशी मी तुम्हाला काय म्हणाले होते? आठवतं?"

"आठवतं की." मुकुंदराव वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ते कसं विसरीन? तू म्हणालीस, यंत्र लावलं असतं तरी ती वाचली नसती."

वैजयंतीनं डबीत पाहिलं. नाव बंद होतं.

"त्या एका वाक्यावर उभा हाय मी, वैजू. न्हाईतर..." बोलता बोलता ते थांबले. आत्ताच आपण दोनदा काय म्हणालो, ते त्यांच्या ध्यानात येत असावं. कारखान्यातला माग आवाजावरून ओळखणारा माणूस होता तो. त्यांनी डबीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"ते तू म्हणाली नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही."

"मग काय म्हणालीस?"

एका क्षणात ते नाव मोकळं करता आलं असतं. मग ती काहीही बोलली असती तरी यंत्रानं सांभाळून घेतलं असतं. तिचं बोट तिथंच होतं. तिनं हात मांडीवर ठेवला.

"यंत्र लावलं असतं तर ती वाचली असती."

दोनच अक्षरांचा फरक. मुकुंदरावांनी ते ऐकलं. खाली बघितलं, आणि बराच वेळ नुसती मान हलवत राहिले, एखादा हिशेब जुळला की हलवतात तशी.

"मला आवाज आला होता," ते म्हणाले.

"कसला?"

"तिचा. तेव्हा कळलं न्हाई तिचा म्हणून. नुसतं आऽ, आऽ, असं. मला वाटलं रस्त्यावर भंगारवाला ओरडायलाय. दोनदा आला. मी पेपरचं पान उलटलं."

बाबा, असं म्हणत असणार ती. त्यातले ब भिंतीत आणि त्यांच्या कानात कुठंतरी विरून गेले असणार. वैजयंतीनं हे इतक्या शांतपणे समजून घेतलं की तिचं तिलाच नवल वाटलं. वर्गात फळ्यावर काढून दाखवावं तसं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. मशीन लावून आलो तेच त्यासाठी. तुझं बोलणं नीट ऐकू यावं, तू शिव्या घालशील त्या तरी कळाव्यात. तोंड उघडणार एवढ्यात तू म्हणालीस, तरी ती वाचली नसती." त्यांनी खांदे पाडले. "मग म्हटलं, आता कशाला."

वैजयंती उठली. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, कणीक भिजवली. मुकुंदराव खुर्चीवर तसेच बसून होते. कणीक नेहमीपेक्षा सैल झाली. तिनं अजून पीठ घातलं. त्या दिवशी पोळ्या खूप झाल्या. त्या दोघांनी खाल्ल्या.

संध्याकाळी मुकुंदराव म्हणाले, "कानात बाई सांगतीय, कंपनीचे निरोप माझ्यापर्यंत पोचत न्हाईत. असंच राहिलं तर रविवारी मशीन बंद करणार."

"ते नाव मोकळं केलं की चालू राहील."

"नको."

"पैसे भरून बिनजाहिरातीचं पण मिळतं."

"त्यांचंच ना ते? नको."

"मग ऐकू कसं येणार?"

"येईल तेवढं येऊ दे," मुकुंदराव म्हणाले.

रविवारी यंत्र बंद पडलं. मुकुंदरावांनी ते काढून खिडकीत ठेवलं. घरातलं बोलणं आणखी कमी झालं, पण वेगळ्या तऱ्हेनं. आता काही सांगायचं तर वैजयंतीला हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जावं लागे, तोंडाकडं तोंड करून एकेक शब्द मोठ्यानं म्हणावा लागे. टोमणा मोठ्यानं, सावकाश, दोनदा म्हणता येत नाही. तिनं एकदा प्रयत्न केला होता. मधेच सोडून दिला. मुकुंदराव तिच्या ओठांकडं बघत वाट पाहत राहिले.

एकदा भाजी निवडता निवडता तिच्या मनात आलं, की त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? ओरडलो असतो. रडलो असतो. माहेरी निघून गेलो असतो. यातलं काहीतरी झालं असतं, आणि कधीतरी संपलंही असतं. तिनं गवारीच्या शिरा काढल्या. आता ओरडावंसं वाटतंय का, ते तपासून पाहिलं. नव्हतं वाटत.

पुढच्या महिन्यात दोघं मिरजेच्या एका दवाखान्यात गेली. तिथं जुन्या पद्धतीची यंत्रं अजून बसवून मिळत होती. फक्त आवाज मोठा करणारी, कुणाचं वाक्य स्वतः न बोलणारी. तपासणाऱ्या मुलीनं मुकुंदरावांच्या कानात एक बसवलं, स्क्रू फिरवला आणि वैजयंतीला म्हणाली, "काकू, तुम्ही काकांच्या मागं उभ्या राहा. घरच्या माणसाचा आवाज असला की बरं पडतं. एकेक शब्द बोला, काका परत म्हणतील. वाक्य नको हं, वाक्य असलं की अंदाजानं ओळखतात."

वैजयंती त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. मुकुंदरावांची मान बारीक झाली होती. हे तिनं पाहिलं नव्हतं.

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी."

"खिडकी."

"खि... गिरणी?"

मुलीनं काहीतरी टिपलं. "चालेल काका. पुढचा."

वैजयंतीला शब्द सुचेना. घरातले सगळे शब्द तिनं इतकी वर्षं एकाच कामाला लावले होते. ती उभी राहिली. मुलगी वाट पाहत होती.

"केतकी," ती म्हणाली.

नाव तिच्याच कानाला अनोळखी लागलं. मुकुंदरावांना त्यातलं काय पोचलं असेल, ते तिला ठाऊक होतं. क नाही, त नाही. ए, अ, ई, एवढंच.

त्यांचे हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले.

"केतकी," मुकुंदराव म्हणाले.

"बरोबर," मुलगी म्हणाली. "छान. पुढचा शब्द, काकू."

वैजयंतीनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"काकू? पुढचा शब्द?"

मुकुंदरावांनी मागं न वळता हात वर केला. "पुढचा नको," ते त्या मुलीला म्हणाले. "तोच परत म्हणायला सांगा त्यांना."

वैजयंतीनं तो परत म्हटला.